डाव्या हाताची अवजारं

बाबारावने पाना पुढे केला आणि मी तो डाव्या हाताने घेतला. झालं ते एवढंच. चौदा नंबरच्या मशीनची सुरी ढिली झाली होती, पट्टा मोकळ्या चाकावर सरकवून मी खाली वाकलो होतो, आणि दोन वर्षं माझ्या हाताखाली तेलपाणी करणारा बाबाराव नेहमीसारखा माझ्या उजव्या बाजूला उभा होता. पाना त्याने उजव्या हाताशी आणला होता. डावा हात माझ्या छातीवरून आडवा गेला, त्याने पाना घेतला, नटावर बसवला आणि पाव फेरा दिला. नट जेवढा हवा तेवढाच आवळला गेला. जास्त आवळला तर चामड्याचा रोलर जळतो, कमी आवळला तर सरकी रुईत येते. तो नेमका पाव फेरा शिकायला माझ्या उजव्या हाताला चार हंगाम लागले होते. "मिस्त्री, डेबरे कवापासून झाले?" बाबाराव म्हणाला. मशिनीत कपाशी टाकणाऱ्या बाया हसल्या. मशीन बंद असल्यामुळे त्यांच्यातल्या इंदूबाईला बोलायला फुरसत होती. ती म्हणाली, "जेवताना तरी उजवाच लावजा, नाही तं तुमची सत्यभामा ताटावरून उठवन." मीही हसलो. हसता हसता पाना उजव्या हातात घेतला, तर तो तिथे बसेना. बोटं त्याच्याभोवती गोळा झाली, पण परक्याच्या घरी कुठे बसावं ते न कळणाऱ्या माणसासारखी अवघडून राहिली. मी पाना खिशात टाकला आणि पट्टा परत ओढायला बाबारावला सांगितलं.

दुपारी भाकरी सोडली तेव्हा मी दोन्ही हात समोर धरून पाहिले. तेरा वर्षं मी या यवतमाळच्या जिनात, कपाशीतून सरकी काढायच्या कारखान्यात आहे, आधी तेलवाला, मग फिटरचा हाताखालचा, आणि गेली पाच वर्षं मिस्त्री. आमच्या वस्तीतून जिनात हमाल पुष्कळ गेले, मिस्त्री मी पहिला. हे सगळं उजव्या हाताने कमावलेलं. डाव्याला आजवर कंदील धरण्यापलीकडे मी काही शिकवलं नव्हतं. आणि आता डाव्या तळव्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, एक घट्टा उठला होता. कोवळा होता, कडा अजून लालसर. उजव्याचा घट्टा तेरा वर्षांचा. मी दोन्हींवरून अंगठा फिरवला. उजवा घट्टा मऊ लागला. भिजल्यावर होतो तसा मऊ, आणि हात तर सकाळपासून कोरडा होता. मला खरोखर भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला.

जुन्या अवजारांची ती पेटी घरात येऊन तीन रविवार झाले होते. जुनी अवजारं गोळा करण्याचा नाद मला कधी लागला ते मला नेमकं सांगता येतं. मी तेलवाला असताना सदाशिवराव म्हणून मिस्त्री होते. फार मोठा कारागीर. रोलरवर कान ठेवून कुठला बेअरिंग रडतोय ते सांगायचे. पाना द्यायचा झाला तर ते माझ्या हातात देत नसत, जमिनीवर टाकत. मी उचलायचा. परत करताना मीही जमिनीवर ठेवायचा, आणि मग ते त्यावर राकेल शिंपडून उचलायचे. पाणी नाही, राकेल. पाण्याने लोखंड गंजतं म्हणून. विटाळ फेडतानासुद्धा माणसाने लोखंडाची काळजी घेतली, याचं तेव्हा मला हसू यायचं, आता येत नाही. खंडेनवमीला जिनातल्या सगळ्या अवजारांना हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा आणि मी फाटकाशी उभा राहून प्रसाद यायची वाट बघायचो. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा मी उकंडाचा धर्मपाल झालो. घरातले देवांचे टाक माझ्या बायकोने, सत्यभामेने, स्वतःच्या हाताने नदीत सोडले. पुढच्या वर्षी सदाशिवराव वारले आणि त्यांच्या सुनेने त्यांचे पाने भंगारात घातले. मी ते भंगारवाल्याकडून उचलून आणले. तो रविवार होता. सबंध दिवस मी त्यांचा सोळा नंबरचा पाना हातात घेऊन ओसरीवर बसून राहिलो. कोणी जमिनीवर टाकला नाही, कोणी राकेल शिंपडलं नाही.

तेव्हापासून जिथे जुनं अवजार दिसेल तिथून मी ते आणतो. ज्यांनी जिवंतपणी मला हात लावू दिला नसता अशा मिस्त्र्यांची अवजारं आमच्या दोन खोल्यांच्या घरात भिंतीला टांगलेली आहेत. आई म्हणते, टाकलेल्या वस्तूंची माया तुला असायचीच. माझ्याआधीची दोघं दगावली म्हणून मी जन्मलो तेव्हा तिने मला उकिरड्यावर लोळवलं, मरणाला हे पोर टाकाऊ वाटावं म्हणून, आणि नावही तेच ठेवलं. तर मीही टाकाऊतलाच. माझी रीत ठरलेली आहे. आधी अवजार तुपाच्या रिकाम्या डब्यात राकेलमध्ये तीन दिवस भिजत ठेवायचं. मग विटकरीच्या भुकटीने गंज काढायचा, त्यावर काचकागद, लाकडी मुठीला जवसाचं तेल. झिजलेलं मात्र भरायचं नाही. मुठीवर जिथे मिस्त्रीचा अंगठा वीस-वीस वर्षं बसला तिथे खळगा पडलेला असतो, तो तसाच ठेवायचा. आणि शेवटी डोळे मिटून ते हातात फिरवायचं. फिरवत राहिलं की एका जागी हात मुठीत उतरतो, खळग्यात अंगठा जातो, आणि कळतं की तो माणूस हे असं धरायचा. कोणी मनगट उंच ठेवायचा, कोणी करंगळी बाहेर. माझा सगळा आनंद त्या एका क्षणात आहे. मेलेल्या माणसाने जमिनीवर न टाकता हातात दिल्यासारखं वाटतं.

ही पेटी मी बोरी अरबच्या बाजारात पाहिली. सागाची, पत्र्याच्या पट्ट्यांची, आत विलायती पाने, दोन पेचकस, छन्न्या, कानशी, एक लहान हातोडी, आणि माप घ्यायचे वाकडे कंपास. भंगारवाला म्हणाला, तांड्यावरच्या मानीबाईने दिली, तिचा मालक खेमसिंग मिस्त्री होता, तीन वर्षांखाली तापाने गेला. मी सबंध पेटी उचलली. एवढी वापरलेली अवजारं मी पाहिली नव्हती. गंज काढल्यावर आतलं लोखंड पोरीच्या पैंजणासारखं गुळगुळीत निघालं. पण पहिल्या रविवारी डोळे मिटून पेचकस फिरवायला बसलो तर तो कुठेच उतरेना. तासभर फिरवला. खळगा होता, खोल होता, अंगठा मात्र त्याच्या पाठीवर पडायचा. शेवटी कंटाळून तो मी डाव्या हातात घेतला, आणि हात उतरला. एकदम उतरला, पायरी नाही असं वाटून पाय टाकावा आणि पायरी असावी तसा. मी एकेक अवजार डाव्या हातात घेतलं. सगळी तशीच. खेमसिंग डावखुरा होता तर, असं मी सत्यभामेला मोठ्याने सांगितलं आणि त्या दिवशी अंधार पडेस्तोवर डाव्या हातात एकेक धरून बसलो. नंतरच्या दोन्ही रविवारी तेच केलं. माझी चूक झाली असली तर ती इथे झाली. दुसऱ्याच्या झिजेत मी हात घालत आलो होतो आणि प्रत्येक वेळी परत काढत आलो होतो; या वेळी मी तो काढला नाही.

पुढचे आठ-दहा दिवस मी स्वतःवर पाळत ठेवून होतो. आंघोळीला बसलो की लोटा डाव्या हातात असायचा. बिडी पेटवताना काडी डावा ओढायचा. एका सकाळी आरशासमोर दाढी करताना बाहेर कोणाच्या तरी शेळ्या भांडत होत्या, माझं लक्ष तिकडे गेलं, आणि परत आलं तेव्हा दाढी झाली होती. उस्तरा डाव्या हातात होता. कुठे कापलं नव्हतं, उलट हनुवटीखालची ती एक आडवी जागा, जिथे माझ्याच्याने नेहमी चार केस राहतात, तीही साफ झाली होती. उजवा हात मांडीवर पडून होता. मला डाव्याचं भय वाटत होतं, पण दचकलो मी उजव्याकडे पाहून. तो काहीच करत नव्हता. त्याला मुंग्या येत, तो गार पडे, एखादी वस्तू घे म्हटलं तर क्षणभर वाट बघे. शाळेत शेवटच्या बाकावर बसायला सांगितलं की मी असाच बसायचो. कोणाला सांगावं आणि काय सांगावं. त्याच सुमारास अष्टग्रहीचा गवगवा झाला होता. आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार, म्हणून गावात यज्ञ चालले होते, धान्य भरून ठेवलं जात होतं, आणि जिनातले लोक भोंगा झाला तरी दचकत होते. आमच्या वस्तीत त्यांची टिंगल चाले, मीही करत असे. सगळं गाव आठ ग्रहांना भीत होतं आणि मी पाच बोटांना. त्यांच्या भीतीला निदान नाव होतं. भूतखेत, अंगात येणं, करणी हे सगळं मी छप्पन साली शपथेवर सोडलं होतं, आणि ते मनापासून सोडलं होतं. त्यामुळे मला झालं होतं त्याला माझ्याकडे शब्दच उरला नव्हता. जुन्या दिवसांत आईने एखाद्या भगताकडे नेलं असतं, त्याने लिंबू उतरवून टाकलं असतं आणि मी बरा झालो असतो किंवा बरा झालो असं समजलो असतो. आता मला स्वतःशीच हिशेबाने बोलावं लागे: तीन आठवडे डाव्या हाताने सराव केलास, हात शिकला, यात नवल काय. पटायचं. पटूनही मी लोटा डाव्या हातात घेतलेला असायचा.

सत्यभामेने हे माझ्याआधी पाहिलं असावं. तिला सहावा महिना होता, पहिलंच, आणि त्या दिवसांत तिची नजर फार बारीक झाली होती. मी डाव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला तेव्हा ती ताटावरून उठवण्याऐवजी समोर येऊन बसली. "आपण देव काढले ना घरातून?" ती म्हणाली. मी म्हटलं, काढले. "मंग हे काय टांगून ठेवलं भिंतीले? खंडेनवमीले तुमी रजा घेता, अन् घरी येऊन एकेकाले जवसाचं तेल लावत बसता. ह्याले पूजा नाही तं काय म्हणाचं?" मी म्हटलं, लोखंड आहे, तेल नाही लावलं तर गंजेल. ती माझ्या हाताकडे पाहत म्हणाली, "मी भूत मानत नाही. पण मले तुमचा हात पायजे. ते लेकरू आल्यावर त्याले उचलाले पायजे, अन् जिनात जाऊन परत याले पायजे. माहं बाकी काही म्हणणं नाही." तिचं बरोबर होतं. चालू मशीनशी काम करणाऱ्याचं सगळं अंग एका सवयीत बसलेलं असतं. पट्टा डावीकडून फिरतो म्हणून डावा हात मागे ठेवायचा आणि उजव्याने बेअरिंगची ऊब बघायची, हे तेरा वर्षांत इतकं मुरलेलं की त्याचा विचार करावा लागत नव्हता. आता जो हात मागे राहायला हवा तोच पुढे जात होता. हात गेला की मिस्त्री गेला. मग हमाली, तीही एका हाताची.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ते जवळजवळ झालंच. नऊ नंबरच्या मशीनचा आवाज बदलला होता. मी रोलरच्या टोकाशी उभा राहून ऐकत होतो, आणि ऐकताना डावा हात निघाला. मी तो जाताना पाहिला. अगदी सावकाश, काळजीने, मांजराच्या पाठीवरून हात फिरवायला जावा तसा तो पट्ट्याच्या पलीकडल्या बेअरिंगकडे गेला. सदऱ्याची बाही पट्ट्याच्या सांध्याला लागली. बाही खांद्यापासून उसवून गेली आणि पट्ट्याबरोबर वर जाऊन शाफ्टवर गरगर फिरू लागली. मी मागे आपटलो. बाबारावने पट्टा सरकवला. हात होता, कोपरावर नुसतं खरचटलं होतं. बायांचं काम थांबलं, कपाशीचा फुफाटा हवेत तरंगत राहिला आणि माझी बाही वर शाफ्टला गुंडाळून लोंबत राहिली. बाबारावने मला काखेत धरून उठवलं. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेल्याबरोबर गमछ्याने डावा हात कमरेशी बांधून टाकू लागलो. खांदा दुखतो असं सर्वांना सांगितलं. सगळं काम उजव्यावर आलं. तो गार, सुस्त उजवा मी पट्ट्यांमधून, सुऱ्यांमधून घालत राहिलो, आणि डावा सुरक्षित आहे म्हणून मला बरं वाटत राहिलं.

रविवारी सकाळी सत्यभामेने पेटी भरून दारात आणून ठेवली. "जिची हाय तिले देऊन या," ती म्हणाली. "फेकू नका. फेकलेलं तुमी परत आणता." मी एसटीने बोरी अरबला गेलो. गाडीत पेटी मांडीवर होती आणि डावा हात तिच्या झाकणावर. कपाशीची वेचणी संपत आली होती, शेतांतून पऱ्हाट्या उपटून उभ्या केल्या होत्या, बैलगाड्यांची रांग यवतमाळकडे चालली होती. त्या गाड्यांतली कपाशी उद्या माझ्याच मशीनमधून जाणार. मला वाटलं, पेटी ठेवून परत येताना मी उजव्या हाताने तिकीट घेईन. एवढी एक साधी गोष्ट मला हवीहवीशी वाटली, डोळ्यांत पाणी येईल इतकी. तांडा गावापासून अर्ध्या कोसावर, अडाण नदीच्या अलीकडे माळावर होता. एका बाईने हाताने घर दाखवलं. मानीबाई दाराशी तुरी पाखडत होती. पन्नाशीची, उंच, काचांचे तुकडे टाकलेला जुना घागरा, तांड्यावरच्या सवाष्णी केसांत घालतात त्या घुगऱ्या नव्हत्या. मी जय भीम म्हणालो. कोण, कुठला ते तिला कळावं म्हणून आधीच म्हणालो. तिने आत जाऊन पाण्याचा लोटा आणला. अशा वेळी लोटा हातात मिळतो की जमिनीवर, हे पाहायची माझी सवय अजून गेलेली नाही. तिने तो हातात दिला. मी घेतला आणि प्यालो, आणि लोटा खाली आला तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत होती. लोटा डाव्या हातात होता.

"पेटी तुह्याजोळ गेली तं," ती म्हणाली. मी पेटी तिच्यापुढे सरकवली. म्हणालो, "परत द्याले आलो, मावशी. तुमचा मालक डेबरा होता. त्याच्या सवयीची औजारं हायेत, मले नाही चालत."

"कोणं सांगतलं डेबरा होता?" तिने सूप खाली ठेवलं. "उजव्या हाताचा माणूस. लगनात माह्या हाती चुडा भरला तो उजव्यानं. ही पेटी त्याइनं पुसदच्या बाजारातून आणली, तवाच मुठी अशा होत्या, डाव्या अंगाले झिजलेल्या. तवा ते जिनात होते, दुसऱ्या गावाले. पेटी आली अन् महिन्याभरात डावा हात चालवू लागले. पाणी डाव्यानं, बिडी डाव्यानं. मले भेव लागे. म्या म्हटलं, काहून करता असं? त्याइले बी माईत नव्हतं. म्या म्हटलं, फेका ते. फेकली. हे मांगं नाला दिसते ना, तिथं. अन् पाचव्या रोजी हात गेला."

"डावा," मी म्हणालो.

"उजवा. कोपरापासून. डावा तं त्याइनं भेवानं कमरेले बांधून ठेवला होता."

मी माझ्या कमरेकडे पाहिलं. गमछा तिथेच होता. रविवार असल्यामुळे सैल, खांद्यावरून कमरेपर्यंत आडवा घेतलेला. मानीबाईने तोही पाहिला. मग जणू आता थांबून उपयोग नाही अशा आवाजात तिने पुढचं सांगितलं. "दवाखान्यातून आले, पट्टी निघाली नव्हती, अन् सीधे नाल्यात उतरले. उन्हाळा होता, पाणी आटलं होतं, पेटी चिखलात बसली होती. काढली. त्याच दिवशी शेजारच्याचं इंजिन उघडलं डाव्यानं. बारा वर्षं त्या औजारावर घर चाललं, बापू. इंजिनं, सायकली, रहाट. नवीन लोकं म्हणत, खेमसिंग डेबराच जल्मला. हात जाऊन थोटे झालेले म्या लय पाह्यले, वरीस वरीस पडून राह्यते. हे एक दिवस बी पडले नाहीत. हात आंधीच शिकून बसला होता."

"मंग विकली काहून?"

"उत्तमसिंग, माहा पोरगा, एक दिवस पेटी उघडून बसला होता. म्या त्याच दिवशी भंगारात देली. मले वाटलं वितळून जाईन." तिने नजर चोरली नाही. "तुह्या घरी जाईन असं कसं माईत राहीन मले."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, तिने आपलं पोर वाचवलं, सत्यभामेनेही हेच केलं असतं. मी पेटीकडे पाहिलं. ती तिथे ठेवून जाता येत होतं, नाल्यात टाकता येत होतं, जिन सोडून उद्यापासून रोजाने शेतात जाता येत होतं. पण कडबा तोडायचं यंत्र शेतातही असतं, गाडीचं चाक असतं, विळा असतो. शपथेने जे सोडलं होतं ते मी अजूनही मानत नव्हतो, आणि तरी मला आतून, पोटातून कळलं होतं की अवजारांनी माझं काही घेतलं नव्हतं. त्यांना फक्त आधीच माहीत होतं, कोणता हात जायचा आहे ते. उजवा हात मांडीवर पडला होता. मानीबाईने तो उचलला, आपल्या दोन्ही हातांत धरला, उलटा करून त्याचा तेरा वर्षांचा घट्टा अंगठ्याने चाचपला. "चांगला हात हाय," ती म्हणाली. मेलेल्याच्या घरी जाऊन लोक बोलतात त्या आवाजात म्हणाली. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. ती हात धरून बसून राहिली.

नंतर तिने चूल पेटवली, बाटी थापली. त्यांच्यात भाकरीला बाटी म्हणतात. मी जेवलो. ताटातला हात कोणता होता ते दोघांनीही पाहिलं नाही. हात धुतल्यावर मी तिला विचारलं, "मावशी, सदऱ्याच्या गुंड्या कशा लावत होते?" ती जरा विचारात पडली. "खालून," ती म्हणाली. "पयली खालची. वरची मी लावो." धोतर कसं नेसत? एक टोक भिंतीच्या खुंटीला अडकवून. भाकरी कशी मोडत? ती करून दाखवू लागली, मी पाहू लागलो. बुटाची नाडी, दाराची कडी, विहिरीचा दोर, सायकल. एकेक तिला आठवत गेलं आणि आठवताना तिच्या तोंडावर हसूही आलं, कारण खेमसिंगने पहिल्यांदा दोर ओढला तेव्हा तो बादलीसकट आत जाणार होता. ऊन दारातून आत आलं. एसटीची वेळ होत आली होती. एक गोष्ट मी मघापासून मागे ठेवत होतो, आणि ती विचारताना माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"लेकरू कसं उचलत?"

मानीबाईने माझ्याकडे पाहिलं. "केव्हा हाय?" तिने विचारलं. मी म्हटलं, चैत्रात. ती उठली, आतून एक गोधडी आणली, तिची घट्ट गुंडाळी केली, एका टोकाला चुरगळून डोकं केलं आणि ती खाली चटईवर ठेवली. मग माझ्या मागे येऊन गुडघ्यांवर बसली. डावा हात तिने मनगटाशी धरला आणि गोधडीखालून नेला. "आंधी बूड," ती म्हणाली. "मंग आपण वाकाचं, त्याले नाही वढाचं. मान इथं कोपरात आली पायजे. पाय. आता छातीशी." मी उचललं. गोधडीचं डोकं कोपरातून निसटून मागे कललं, आणि तिने ते चटकन झेललं. "नाही," ती म्हणाली. "पयल्या दिवशी त्याइच्यानं बी नाही झालं. ठेव खाली. पुन्हा." मी गोधडी चटईवर ठेवली, उजवा हात पाठीमागे घेतला आणि पुन्हा वाकलो.